'ने' म्हणजे नक्की हो की नाही?

अर्धविराम:

नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा येडपट आहे पण डोक्यातून जात नाहीये म्हणून विचारून टाकतो. आमच्या टीममधे एक ग्रीक माणूस आहे, एकदम भला, आठवड्यातून दोनदा आमचा कॉल असतो. सुरुवातीला मी त्याला विचारायचो फाईल मिळाली का, तो एकदम जोरात "ने, ने!" म्हणायचा आणि मी मुकाट्याने परत पाठवायचो. एकच फाईल तीन वेळा गेल्यावर त्याने शेवटी लेखी विचारलं की यात आणि आधीच्या दोन्हींत फरक काय आहे रे. तेव्हा कळ्ळं की ग्रीकमधे ने म्हणजे चक्क हो.

बरं तिथे थांबलं असतं तर ठीक होतं. घरात मुलीला कोरियन सिरियलींचं वेड लागलंय, त्यात फोन उचलला की ने, मोठ्या माणसाने काही सांगितलं की ने, दिवसभर नुसतं ने ने ने. तेही हो. मी म्हटलं वा, म्हणजे सगळं जग ने ला हो म्हणतंय, आपणच उलटे दिसतोय. पण मग जुना एक झेक मित्र आठवला, त्याचं ने म्हणजे साफ नाही असायचं, चर्चाच बंद. आणि आपल्या मराठीत ने म्हणजे घेऊन जा, शिवाय शाळेत पाठ केलेलं ने, ए, शी ते वेगळंच.

तर हे सगळे ने एकमेकांचे कोणी लागतात का? की नुसतंच नाव सारखं आणि घरं वेगळी? आणि अजून कुठे कुठे ने आहे ते पण सांगा, ज्याला जे माहिती ते टाका.

गप्पिष्ट:

यात टर्किश घाला की. टर्किशमधे ने म्हणजे "काय". आणि त्यावरूनच पुढे नेदेन म्हणजे का (शब्दशः "कशापासून"), नेरेदे म्हणजे कुठे, अशी सगळी प्रश्नांची फॅक्टरी चालते. एक गंमत म्हणजे मूळच्या तुर्की शब्दांची सुरुवात "न" या अक्षराने जवळपास होतच नाही, बाहेरून आलेले शब्द सोडले तर हा एकटा ने आणि त्याची पोरंबाळं एवढंच.

आता नकाशा काढून बघा, बल्गेरिया, ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्या सीमा एका ठिकाणी भेटतात. नदी पण एकच, बल्गेरियन लोक तिला मारित्सा म्हणतात, ग्रीक एव्ह्रोस आणि तुर्क मेरिच. आणि त्या कोपऱ्यावर तीन शेजारी उभे केले आणि एकाने "ने" म्हटलं तर बल्गेरियनला ऐकू येणार "नाही", ग्रीकला ऐकू येणार "हो", आणि तुर्काला वाटणार हा "काय?" विचारतोय. दगड मारला तर पलीकडच्या देशात पडेल एवढ्या अंतरात तीन अर्थ! त्यात भर म्हणजे बल्गेरियात पारंपरिक पद्धतीने हो म्हणताना मान आडवी हलवतात आणि नाही म्हणताना उभी. म्हणजे शब्द कळत नाही म्हणून हातवारे बघावेत तर तिथेही बोंब.

त्रिकालज्ञ:

यात एवढं नवल काय आहे? सगळ्याचं मूळ संस्कृत "न". तो जगभर पसरला, काही लोकांनी अर्थ उलटा केला एवढंच. कोरियापर्यंत बौद्ध धर्म गेला त्याबरोबर शब्दही गेला. सोपं आहे.

शब्दवेडी:

@त्रिकालज्ञ, थांबा थांबा, अर्धं बरोबर आहे आणि अर्धं गाडी रुळावरून खाली.

बरोबर भाग आधी. झेक, सर्बियन, बल्गेरियन, लिथुआनियन यांचा ने (नाही), रशियन न्ये, फारसी न, आणि आपला संस्कृत न, हे सगळे खरोखरचे भाऊ आहेत. लॅटिनमधेही ने होता. इंग्लिशमधे आज तो सुटा दिसत नाही पण नेव्हर, नन, नायदर यांच्या सुरुवातीला जो न बसलाय तो हाच, जुन्या इंग्लिशमधे तो ने असा सुटा चालायचा. पण हे भाऊ आहेत, बापलेक नाहीत. संस्कृतने रशियनला दिला असं नाही, दोघांच्याही आधीची जी भाषा होती तिच्यातून दोघांना वाटणी मिळाली.

आता ग्रीक. ग्रीक पण याच कुटुंबातली, म्हणून तिचं ने बघून माणूस जास्तच गोंधळतो. पण तो शब्द लिहितात "नाइ" सारखा, प्राचीन काळी उच्चारही तसाच होता, पुढे त्या आइ चा ए झाला आणि आज आपल्याला ने ऐकू येतो. तो आधीपासूनच होकाराचा शब्द, उलटाबिलटा कोणी केलेला नाही. नाही म्हणायला प्राचीन ग्रीकमधे "उ" हा वेगळाच शब्द होता आणि त्याच्यावरूनच आजचं ओही आलं. तेच ओही ज्याचा ग्रीसमधे २८ ऑक्टोबरला दिवस पाळतात, १९४० साली मुसोलिनीची मागणी धुडकावली म्हणून. आणि "करू नको" मधल्या नको ला ग्रीकमधे "मी" म्हणतात, जुना उच्चार मे, आणि तो मात्र संस्कृतच्या "मा" चा (मा कुरु मधला मा) सख्खा भाऊ आहे. म्हणजे ग्रीकांनी न घालवला आणि मा ठेवला, आपण बोलताना मा घालवला आणि न ठेवला.

कोरियन मात्र पूर्ण वेगळं घर. बौद्ध धर्माबरोबर चिनी लिपीतून शब्द गेले ते धर्माचे, विचारांचे, वस्तूंचे. रोजचं हो म्हणायला कोणी दुसऱ्याच्या दारात जात नाही हो (म्हणजे क्वचित जातात, पण पुरावा लागतो).

रात्रपाळी:

कोरियन थोडंफार शिकलोय म्हणून भर घालतो. ने म्हणजे हो हे खरं पण ते आपल्या "हं" सारखं जास्त वापरतात, म्हणजे मी ऐकतोय, तुमचं चालू द्या. प्रश्नार्थक सुरात ने? म्हटलं तर "काय म्हणालात?" असं होतं, म्हणजे तिथे तो तुर्की बाजूला सरकला बघा. शिवाय नाहीवाल्या प्रश्नाचं उत्तर देताना घोळ होतो, "काल आला नाहीस का?" ला कोरियन माणूस ने म्हणाला तर अर्थ "बरोबर बोललात, नाही आलो". म्हणजे हो म्हणून नाही सांगितलं.

अजून एक, वस्तू मोजताना चार ला पण ने म्हणतात आणि "तुझा" लिहिताना पण ने च लिहितात. आता "माझा" साठी जो शब्द आहे त्याचा उच्चार नॅ होता, तो सरकत सरकत ने ला येऊन चिकटला, मग माझं आणि तुझं एकच ऐकू यायला लागलं! प्रेमाच्या गोष्टी करायच्या कशा? म्हणून बोलताना तुझं ला "नी" म्हणायला लागले. भाषा स्वतःच स्वतःची सोय करते ती अशी.

आणि @अर्धविराम, मुलीला विचारा, तिला कधीकधी ते ने च्या ऐवजी "दे" ऐकू येतं का. शब्दाच्या सुरुवातीचा न ते असा काही बोलतात की बाहेरच्याला द वाटतो.

जपानीचं तर बघायलाच नको. "क्यो वा अत्सुइ देसु ने" म्हणजे "आज गरम आहे ना". ने च्या जागी ना, बस. त्याच जागेवर, त्याच सुरात, समोरच्याने मान डोलवावी म्हणून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. वर झाडाचं मूळ पण ने, किंमत पण ने, आवाज पण ने, आणि बारा प्राण्यांच्या वर्षचक्रातला उंदीर पण ने, चिन्हं अर्थातच वेगवेगळी.

त्रिकालज्ञ:

मग जपानी "ने" आणि मराठी "ना" सारखे कसे? जपानी आणि तमिळचा संबंध आहे असं एका जपानी विद्वानानेच मांडलंय, मी वाचलंय.

शब्दवेडी:

हो, सुसुमु ओनो. मोठा माणूस होता, जपानी भाषेचा खरा अभ्यासक, पण तमिळवाली मांडणी बाकीच्या भाषाशास्त्रज्ञांनी स्वीकारली नाही, आणि ती समजा खरी मानली तरी मराठीला त्यातून काय मिळणार? ने आणि ना च्या जोरावर नातं लावायचं असेल तर पोर्तुगीजकडे बघा. पोर्तुगीजमधे वाक्याच्या शेवटी "ने?" लावतात, अगदी जपानी स्टाईल. पण तो कसा झाला ते उघड दिसतं, नाउं + ए, म्हणजे "नाही आहे (का)?", घासून घासून ने. ब्राझीलमधे १९०८ पासून जपानी लोक जाऊन राहिलेत, त्यांच्या घरात आजोबांचा जपानी ने आणि नातवाचा पोर्तुगीज ने एकाच गप्पांमधे भेटत असणार आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. उत्तरेकडचे जर्मन लोक पण असाच ने? लावतात.

तुम्ही साधा हिशोब करा ना. एखाद्या भाषेत समजा वीस व्यंजनं आणि पाच स्वर आहेत, तर एक व्यंजन एक स्वर असे सुटे तुकडे होणार शंभर. जगात भाषा सात हजाराच्या आसपास. आणि न हे व्यंजन तर जवळपास सगळ्यांकडे आहे. मग ने कुठेच सापडला नसता तर नवल. शिवाय रोज हजारदा लागणारे शब्द, म्हणजे हो, नाही, काय, मी, तू, प्रत्यय, हे झिजून झिजून लहानच होतात, म्हणजे सगळी गर्दी त्याच शंभर खोल्यांमधे. टक्कर होणारच.

आणि टक्कर मोठ्या शब्दांची पण होते. ऑस्ट्रेलियात म्बाबाराम नावाची एक भाषा होती, डिक्सन म्हणून भाषाशास्त्रज्ञ तिचे शब्द गोळा करत होते, कुत्र्याला काय म्हणता विचारलं तर उत्तर आलं "डॉग". त्यांना वाटलं इंग्लिशच सांगतोय. पण शेजारच्या भाषांमधे कुत्र्याला गुदागा म्हणतात आणि म्बाबारामच्या उच्चाराच्या नियमांनी त्याचं सरळसरळ डॉग होतं. इंग्लिशशी संबंध शून्य. आपल्या बदनाम, बदमाश मधला फारसी बद आणि इंग्लिश बॅड, तेही तसंच, अर्थ तोच, आवाज तोच, नातं नाही.

खटपट्या:

तुम्ही लोक जपान कोरिया फिरून आलात, आपल्या आजूबाजूला बघितलं का? माझं बरंचसं काम गुजराती आणि हिंदी माणसांबरोबर असतं म्हणून सांगतो, "रामने" हा एकच शब्द घ्या. हिंदीत राम ने दिया म्हणजे रामाने दिलं. गुजरातीत "रामने आप्युं" म्हणजे रामाला दिलं! देणाराच घेणारा झाला. हिशोबाच्या वहीत हे उलटं वाचलं तर काय होईल विचार करा, मी एकदा वाचलंय, जाऊदे.

गुजराती ने ला तर तीन नोकऱ्या आहेत. एक आपला ला, दुसरा "आणि" (हुं ने तुं, मी आणि तू, अने चं छोटं रूप), आणि तिसरा आपल्या ना सारखा, "सारुं छे ने?" चांगलं आहे ना? म्हणजे जपानी ने शेजारीच बसलाय आणि आपण तिकीट काढून चाललोय.

पंजाबीत ने हिंदीसारखा कर्त्याला लागतोच पण "आहेत" ला पण ने, ओह जांदे ने, ते जातात. बंगालीत ने म्हणजे घे, पण फक्त तू-तू वाल्या माणसाला, मोठ्यांना म्हणाल तर मार खाल. मराठीत ने म्हणजे इथून घेऊन जा आणि बंगालीत ने म्हणजे हातात घे. तेलुगूत नेनु म्हणजे मी, बोलताना नुसतं ने पण चालतं. आणि कन्नडमधे दुसरा, तिसरा म्हणायला आकड्याला ने लावतात, पाटीवर २ पुढे ने लिहिलेलं असतं, मी बरेच दिवस "२ ने काय?" असं वाचायचो. दोनने केलं तरी काय एवढं.

मराठीचं आपलं अजून एक वेगळंच, हिंदीत मैंने, तूने, पण आपण मीने म्हणत नाही, मी केलं, तू केलंस. ने फक्त तिसऱ्या माणसाला. ज्यांना हिंदी आधी येतं ते मराठी शिकताना इथे हमखास आपटतात.

गप्पिष्ट:

"दोनने केलं तरी काय एवढं" 😂

चायनीजमधे पण आहे ना? "नी न?" म्हणजे "आणि तू?" रोमन अक्षरात ते ने असंच लिहितात पण उच्चार न कडे जातो, त्यामुळे धरायचं की नाही पंचांनी ठरवा. आफ्रिकेत स्वाहिलीत न्ने म्हणजे चार (कोरियनसारखंच, पण योगायोग, बरोबर ना शब्दवेडीताई?) आणि नायजेरियातल्या इग्बोत न्ने म्हणजे आई.

शब्दवेडी:

योगायोगच. शिकलात 🙂

मधलीसुट्टी:

फ्रेंच कोणीच काढलं नाही? फ्रेंच ने ची स्टोरी सगळ्यात दुःखी आहे. उच्चार न असा पुसट पण आहे तो त्याच कुटुंबातला नकार. एकटा असताना त्यात जोर वाटेना म्हणून लोकांनी पुढे "पा" जोडायला सुरुवात केली, पा म्हणजे पाऊल, म्हणजे "मी एक पाऊलही चालत नाही" अशा अर्थाने, जसं आपण "कणभर पण नाही" म्हणतो. मग चालण्याचा संबंध नसला तरी पा लागायला लागला, लिहिताना न आधी, पा नंतर, मधे क्रियापद. आणि आता बोलताना लोक काय करतात, तो आधीचा न च गिळून टाकतात! "ज से पा", मला माहीत नाही. त्यात खरा नकार उरलाच नाही, फक्त पाऊल उरलंय. हमाली न ने केली आणि गादीवर पा बसला. ओटो येस्पर्सन म्हणून एक डॅनिश अभ्यासक होता, त्याने १९१७ साली नकारावर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात हेच दाखवलंय की नकाराचा शब्द झिजतो, त्याला टेकू देतात, मग टेकूच शब्द होतो, आणि हे चक्र फिरत राहतं.

इटालियनमधे ने म्हणजे "त्यातलं", ने ओ दुए, माझ्याकडे त्यातले दोन आहेत. त्यावर तिरकी रेघ दिली की "ना हे ना ते" मधला ना. फिनिशमधे ने म्हणजे "ते" अनेकवचनी. हंगेरियनमधे ने म्हणजे करू नको, आणि ती आपल्या कुटुंबातली नाही, फिनिशच्या नात्यातली आहे, तरी नकारच. शब्दवेडी, याचं काय?

शब्दवेडी:

हंगेरियनने मला पण छळलंय. शंभर खोल्यांचा हिशोब तिथेही लागू, दोन घरांत सारखंच सामान निघू शकतं. पण सर्बियनवाल्यांना आपला ने हंगेरियन शेजारी पण नकारासाठीच वापरतात ही सोय झाली खरी. उलट झेकमधे "नो" म्हणजे हो, आनो चं तुटलेलं रूप. इंग्लिशवाला तिथे गेला की तोंडात बोट.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच, सकाळपासून घोळतंय. अर्धविराम, तुम्ही म्हणालात मराठी ने म्हणजे घेऊन जा आणि तृतीयेचा प्रत्यय. तिसरा ने विसरलात! नेणता. जाणता-नेणता मधला नेणता, जाणीव-नेणीव मधली नेणीव. तो ने म्हणजे न + जाण, नकारच. संतांच्या मराठीत "नेणे" म्हणजे "जाणत नाही", त्याचा घेऊन जाण्याशी संबंध नाही. म्हणजे झेक माणसाचा ने आपल्याकडे आहे, फक्त जाण ला घट्ट चिकटलेला, सुटा काढता येत नाही म्हणून दिसत नाही.

आता मजा बघा. इराणमधे "मला माहीत नाही" ला म्हणतात "नेमीदानम". ने नकाराचा, आणि दान हे धातूचं अंग म्हणजे आपलं जाण च, जिथे संस्कृतमधे ज तिथे फारसीत द आलाय. म्हणजे नेणे आणि नेमीदानम, मधला मी सोडला तर हाडं तीच, दोन्ही. आणि तोच शब्द आपण दुसऱ्या दाराने घरात घेतलाय, नादान! ना + दान, न जाणणारा. एखाद्याला नादान म्हणा नाहीतर नेणता म्हणा, शब्द एकच आहे, एक घरी वाढलेला आणि एक इराण फिरून आलेला. लॅटिनवाले "नेस्किओ" म्हणायचे, मला माहीत नाही, त्यात ने तोच पण जाणण्याचा धातू वेगळा. आणि इग्नोरंट मधला ग्नो परत आपला ज्ञ, सुरुवातीचा इ हा अज्ञानातल्या अ चा भाऊ.

याला म्हणतात नातं. तिथे नुसता आवाज जुळत नाही, एकाच्या ज ला दुसरीकडे द असा नियम लागतो आणि तो इतर शब्दांतही लागतो. जानु म्हणजे गुडघा, फारसीत झानू, तिथे ज चा झ झालाय, आता म्हणाल नियम मोडला, तर नाही, इराणी बोलींमधेच ज चे दोन रस्ते आहेत, एका भागात झ, एका भागात द, आणि फारसीने दोन्हीकडून उचललंय. यावर वेगळा धागा काढावा लागेल, इथे नको.

त्रिकालज्ञ:

नादान वाला मुद्दा मान्य. कोरियन पण सोडलं. पण फारसीच्या आधी संस्कृत होतं हे विसरू नका.

शब्दवेडी:

ने ने. (कुठल्या भाषेतला ते तुम्ही ठरवा.)

अर्धविराम:

मंडळी दंडवत घ्या, एवढं येईल वाटलं नव्हतं. मुलीला विचारलं, ती म्हणाली हो बाबा मला पहिल्यांदा दे च ऐकू यायचं, मला वाटायचं सारखे काहीतरी मागतायत.

काल कॉलवर ग्रीक मित्राला हे सगळं सांगितलं, नदीच्या तीन नावांसकट. तो हसला, मग म्हणाला तुमच्यात नाही ला काय. मी म्हटलं ना. मग नेमका मागे मुलगी आईला ओरडत होती "ये ना, बघ ना, बस ना जरा". तो म्हणाला ती एवढं नाही नाही का करतेय. म्हटलं नाही करत नाहीये, बोलावतेय. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला म्हणजे तुमच्याकडे ना म्हणजे हो?

मी म्हटलं, ने.